घरचा धंदा म्हणजे कोणाचा धंदा?

गेल्या भाऊबीजेला मी चांदूर बाजारला माहेरी गेले होते. ओवाळून झाले, जेवणे झाली आणि भाच्याने माझ्यापुढे एक टाईप केलेला कागद ठेवला. "आत्या, फक्त एक सही पायजे. घरचाच धंदा हाय. वाढला तं तुमालेच आनंद होईन ना?" कागदाच्या डोक्यावर लिहिले होते, 'हक्कसोडपत्र'.

मी कागद वाचला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. "वाचून सांगते" म्हटले. घरात एकदम शांतता पसरली. माहेरच्या कागदावर सही करण्याआधी बाई तो वाचते, हेच मुळी आपल्याकडे भांडणाचे लक्षण समजतात. तेव्हापासून मी या कागदावर विचार करते आहे. प्रश्न माझ्या एकटीचा नाही, म्हणून तो इथे मांडते.

आमच्या वडिलांचा पितळेच्या ओतकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची लांब पडवी, एक भट्टी आणि एक खराद. समया, निरांजने, घंटा, बैलांच्या गळ्यातल्या घागऱ्या असा माल निघे आणि परतवाडा, अचलपूर, अमरावतीला जाई. बहिरमच्या यात्रेत आमचे दुकान लागे. १९७० नंतर वडिलांनी एक नवी वस्तू काढली, टेबलावर ठेवायचा लायटर. पितळेची लहानशी दमणी, पुढे दोन बैल आणि दमणीच्या पोटात बसवलेला लायटर. आतली कळ मुंबईहून विकत यायची; बाहेरचे पितळ सगळे आमचे. निवृत्त होणाऱ्या साहेबाला, व्याह्याला, निवडून आलेल्या पुढाऱ्याला भेट म्हणून लोक ती दमणी नेत. पुढे भांड्यांत स्टील आले, खिशात फेकून द्यायचा प्लॅस्टिकचा लायटर आला, वडील थकले आणि भट्टी विझली.

भाचा इंजिनियर आहे. पुण्याची नोकरी सोडून तो परत आला आहे. जुन्या वस्तू जमवणाऱ्या कुणाकडे त्याला आमची दमणी दिसली. तिची सांगितलेली किंमत ऐकून त्याचे डोळे विस्फारले. आता त्याला तीच दमणी पुन्हा घडवायची आहे. थोडे नग, प्रत्येकावर क्रमांक, संग्राहकांसाठी. त्यासाठी बँकेचे कर्ज हवे, कर्जासाठी पडवीची जागा तारण हवी आणि जागेवर 'बहिणींचे लफडे' नको. म्हणून माझी सही हवी आणि त्याच्या नागपूरला दिलेल्या बहिणीचीही.

हे आधीच सांगते की मी या धंद्याच्या विरुद्ध नाही. कुणी म्हणेल, सिगारेट पेटवायची वस्तू, ती हवीच कशाला? तंबाखूने किती घरे बसवली ते मी पाहिले आहे. पण आज असा लायटर घेणारा तो कपाटात ठेवण्यासाठी घेतो. फार तर त्याने मेणबत्ती लावतो. तालुक्याच्या गावात चार हातांना काम मिळावे, बापाची कला जगावी, हे मलाही हवे आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की 'घरचा धंदा' म्हणताना घरात कोण कोण धरले आहे?

भाच्याने मला परदेशी कंपन्यांचे दाखले दिले. "पाहा, अशाच घरच्या धंद्यातून केवढ्या झाल्या." मीही मग तो इतिहास वाचून काढला. टेबलावरचा लायटर काडेपेटीहूनही जुना आहे. जर्मनीत योहान डोबेरायनर या रसायनशास्त्रज्ञाने १८२३ साली जस्त आणि आम्लापासून वायू तयार करून तो प्लॅटिनमवर पेटवणारा दिवा केला. घासून पेटणारी काडी त्यानंतर तीन-चार वर्षांनी आली. १९०३ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल आऊअर यांनी लोह आणि सेरियमचा मिश्रधातू काढला. त्यावर दातेरी चाक घासले की ठिणगी उडते. आमच्या दमणीतली 'चकमक' ती हीच.

लंडनच्या डनहिलची गोष्ट तर भाच्याला फारच आवडते. आल्फ्रेड डनहिल यांच्या वडिलांचा धंदा घोड्यांच्या साजाचा होता. मोटारी येताहेत हे ओळखून मुलाने मोटारींचे सामान विकायला घेतले, १९०७ साली तंबाखूचे दुकान काढले आणि १९२० नंतरच्या दशकात लायटर आणला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी टेबलावरचे 'ॲक्वेरियम' लायटर केले. पारदर्शक तावदानांत कोरलेले, रंगवलेले मासे असलेल्या या लायटरसाठी आज संग्राहक झुंबड करतात. बापाचा धंदा जगवायचा तर माल बदलावा लागतो, हा त्यातला धडा भाच्याने बरोबर घेतला.

पण त्याच गोष्टीतला दुसरा धडा त्याने वाचलाच नव्हता. १९६१ साली त्या कंपनीच्या अध्यक्षपदी आली ती आल्फ्रेडची मुलगी, मेरी डनहिल. तिने पुढे आत्मकथन लिहिले, ते १९७९ साली निघाले आणि त्याचे नावच आहे 'अवर फॅमिली बिझनेस', म्हणजे 'आमचा घरचा धंदा'. अमेरिकेत १९३२ साली सुरू झालेल्या झिप्पो कंपनीचे तसेच. संस्थापक जॉर्ज ब्लेझडेल १९७८ साली वारले, तेव्हा कंपनी आली ती त्यांच्या दोन मुलींकडे. या कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस टेबलावरचा एक लायटर काढला होता, त्याचे नाव 'लेडी ब्रॅडफर्ड'. वस्तूला बाईचे नाव देणे सोपे असते. ती आपल्या इथेही दिली जातात. दुकानाच्या पाटीवर आईचे नाव, बसवर मुलीचे नाव. आणि सातबाऱ्यावर, नमुना आठवर, बँकेच्या खात्यावर?

त्या बायका धनाढ्यांच्या मुली होत्या, त्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांचे काय झाले हा प्रश्न उरतोच, हे मला ठाऊक आहे. तरी दाखला घ्यायचाच तर पुरता घ्यावा. मुलीने वारसा घेतला म्हणून ते धंदे बुडाले नाहीत.

आता आमच्या पडवीत पाहू. दमणीच्या तळाला वडिलांच्या नावाची अक्षरे ठोकलेली असत. जमवणारे लोक तीच शोधतात. त्यावरून नग अस्सल ठरतो. पण एक दमणी घडत कशी असे? साच्याची माती चाळणे, तिच्यात काकवी कालवून ती मळणे, हे आईचे काम. भात्याची दोरी ओढणे आईचे, पुढे वहिनीचे. ओतलेल्या नगाचे काठ कानशीने घासणे वहिनीचे. चिंच आणि राख लावून नग उजळणे घरातल्या सगळ्या बायकापोरींचे. मीही लग्न होईपर्यंत ते केले आहे. बैलांच्या झुलीवरची नक्षी तर आई छिन्नीने स्वतः उठवी. दर बैलाची झूल वेगळी असे आणि जाणकार आज त्याचेच कौतुक करतात. साचा, ओतणे आणि खराद ही वडिलांची व भावाची कामे होती आणि ती अवघड होतीच. पण विक्रीचा हिशेब वडिलांच्या वहीत आणि अक्षरे वडिलांच्या नावाची. भाच्याच्या माहितीपत्रकातही 'आजोबांची कला' असेच लिहिले आहे.

या कामाची किंमत शरीरानेही मोजली आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणून पितळ वितळले की पांढरा धूर उठतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, सकाळी उतरतो. भात्यापाशी बसणाऱ्या वहिनीला असा ताप कितीदा तरी आला. 'बाईला हवा सोसत नाही' म्हणून घरात त्याची बोळवण झाली. धूर जायला धुराडे बांधावे, हे तेव्हा कुणाला सुचले नाही.

आगीशी बाईचे नाते असेच आहे. चुलीपुढे ती, गॅसचा लायटर तिच्याच हातात. देशातल्या काड्यापेट्यांचा मोठा भाग तमिळनाडूत शिवकाशी, सातूर, कोविलपट्टी या पट्ट्यात होतो आणि तिथे काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच आहेत. त्यांच्या काडेपेटीचा भाव डिसेंबर २०२१ मध्ये एक रुपयाचा दोन रुपये झाला, तोही चौदा वर्षांनी. २०२३ साली सरकारने वीस रुपयांखालच्या लायटरांची आयात बंद केली, ती याच उद्योगाच्या मागणीवरून. म्हणजे आग पेटवणाऱ्या वस्तू बायका करतात, बायका वापरतात. पण आगीची जी शोभेची, किमतीची, दिवाणखान्यात मिरवायची वस्तू, तिच्यावर नाव पुरुषाचे.

आता कायद्याकडे वळू, कारण 'कायद्याने बहिणीचे काही नसते' असे अजूनही छातीठोकपणे सांगणारे गावोगाव आहेत. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्राशिवाय मागे राहिली, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी, मुलगा, विधवा आणि आई यांना सारखा वाटा दिला आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र मुलगी जन्माने हक्कदार नव्हती. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तो हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. माझे लग्न १९८७चे, म्हणजे मी बाहेर. पुढे केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिने हा भेद काढला. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत की नको, यावर बरीच वर्षे घोळ चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला: मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या मात्र उघडता येत नाहीत.

आमच्याकडे वाटणी झालेलीच नाही. पडवीची जागा आजोबांची, भट्टी आणि खराद वडिलांनी घेतलेले. म्हणजे जागेतही मी आहे आणि यंत्रांतही. आणखी एक कलम फारसे कुणाला ठाऊक नसते. १९५६च्या कायद्याचे कलम २२ धंद्याचेच नाव घेऊन सांगते की मालमत्ता किंवा धंदा अशा पहिल्या वर्गाच्या वारसांकडे आला आणि त्यातला एक जण आपला वाटा विकायला निघाला, तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा. म्हणजे घरचा धंदा घरात राहावा याची काळजी कायद्याने घेतली आहे आणि त्या घरात मुलीला धरले आहे. हक्कसोडपत्र मात्र काही शे रुपयांच्या मुद्रांकावर, एका सकाळी, चहाच्या कपावर तिला त्या घराबाहेर काढते. ते एकदा नोंदले की 'मला समजले नव्हते' म्हणून परत फिरवणे महाकठीण.

इथे बाई अडते ती कायद्याच्या अज्ञानामुळेच असे नाही. माहेर तुटेल याचे भय असते. सासरी काही झाले तर उभे राहायला तेवढाच एक उंबरठा असतो. त्या उंबरठ्याच्या मोबदल्यात ती जमिनीचा, घराचा, धंद्याचा वाटा सोडते आणि वर्षाला एक साडी-चोळी घेते. पण जो उंबरठा सही केली तरच उघडा राहतो, तो संकटात किती उघडा राहील, हे आपण आपल्या केंद्रांत येणाऱ्या बायकांकडून ऐकतोच. भाचीने मला नागपूरहून फोन केला, "आत्या, तुम्ही सही करून राहिल्या काय? तुम्ही केली तं मलेही करा लागते." तेव्हा कळले की माझी सही माझ्यापुरती नाही. मी केली तर तिच्यापुढे पाठ ठेवला जाईल.

पण सगळ्यात अवघड गोष्ट पुढेच आहे. कायद्याने मला वाटा दिला, कारण मी त्या घरात जन्मले. मी काम केले ते लग्नापर्यंतचे. वहिनीने त्या पडवीत तीस वर्षे काढली आणि धंद्यात तिचे नाव कुठेही नाही. सून जन्माने हक्कदार होत नाही. ती स्वतःहून वाटणी मागू शकत नाही. धंद्यात राबल्याबद्दल मालकी देणारा कायदा आपल्याकडे नाही. सरकारी पाहणीत अशा बाईला 'घरच्या उद्योगातील मदतनीस' म्हणतात. मदतनीस म्हणजे जिला मजुरी नाही.

सरकारी योजनाही याच वाटेने जातात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना अठरा पारंपरिक धंद्यांसाठी आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि टप्प्याने एक व दोन लाखांचे कर्ज मिळते. पितळेच्या ओतकामाचे नाव त्या यादीत वेगळे नाहीच. पण ज्या धंद्यांचे आहे त्यांच्यातही अट अशी की एका कुटुंबातून एकच माणूस. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुले. कुंभाराच्या घरी चाकावर तो आणि माती तुडवायला ती, पण कारागीर म्हणून नोंद कोणाची होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मी वहिनीला विचारले, "तुमचं काय म्हणणं आहे?" ती आधी हसली. मग म्हणाली, "मले काय कयते कागदाचं, ताई. पन तुमी सही नाही केली तं पोराचं अडते." आणि थोड्या वेळाने, "आता पोलिशले मशीन येईन म्हनते. मंग माह्या हाताचं कामच काय राहिलं?" त्या दोन वाक्यांत सगळे आले. एकीकडे पोराचे अडते म्हणून नणंदेवर रुसायचे आणि दुसरीकडे आपले काम हिसकले जाते ते मुकाट पाहायचे. नणंद आणि भावजय यांना एकमेकींसमोर उभे केले की बाकीच्यांचे काम सोपे होते. 'नणंदेने वाटा मागून धंदा बुडवला' ही गोष्ट गावात तयारच असते. नणंदेनेही हे ओळखले पाहिजे. मी नुसता माझा वाटा मागून मोकळी झाले, तर वहिनीच्या तीस वर्षांवर मीही पाणी सोडले असे होईल.

म्हणून मी सही केली नाही आणि वाटणीचा दावाही लावला नाही. मी भाच्याला एक पत्र लिहिले आहे. त्यातल्या अटी अशा:

पहिली, हक्कसोडपत्र कोणीच करायचे नाही. मी नाही आणि भाचीही नाही. जागा आपल्या सर्वांची राहील. ती आपण सगळे मिळून धंद्याला नोंदलेल्या भाडेकराराने देऊ.

दुसरी, धंदा १९३२च्या भागीदारी कायद्याखाली नोंदायचा. त्यात भाच्याबरोबर वहिनी भागीदार असेल, पानभर सह्यांपुरती नव्हे. नफ्याचा तिचा टक्का लिहिलेला, बँकेत तिचे स्वतःचे खाते आणि धंद्याच्या खात्यावर तिची सही. कर्जाच्या जबाबदारीत तिला ओढायचे तर मालकीत आधी घ्या.

तिसरी, ज्या बायका घासायला, उजळायला येतील त्यांची मजुरी नगावर ठरवून हजेरीत मांडायची. भट्टीवर धुराडे बांधल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही.

चौथी, दमणीच्या तळाला वडिलांच्या अक्षरांशेजारी आईची अक्षरे ठोकायची. नक्षी तिची होती. संग्राहकाला अस्सल हवे असते ना? मग खरे तेच सांगा.

यात अशक्य काय आहे? आपल्याकडे असे काही झालेच नाही असे नाही. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचे मोठे अधिवेशन भरवले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. शेताचा एक तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे करा, हे मागच्या पिढीच्या शेतकऱ्यांना सांगितले गेले आणि गावेच्या गावे तयार झाली. तेही नवऱ्याने दिलेले दान होते, हक्क म्हणून मिळालेले नव्हते, अशी टीका आपल्यातल्या अनेकींनी तेव्हा केली आणि ती रास्त होती. तरी शेतात जे घडले ते कारखान्यात, दुकानात, टपरीत का घडू नये? शेतकऱ्याला जमिनीची माया नव्हती असे कोण म्हणेल?

मैत्रिणींनो, जुने धंदे पुन्हा उभे करण्याचा सध्या उत्साह आहे. हातमाग, घाणी, मातीची भांडी, पितळ, सगळ्याला पुन्हा भाव येतो आहे. चांगले आहे. पण धंदा जसा होता तसाच उठवला, तर त्याच्याबरोबर बिनमजुरीची बाईही पुन्हा उठवली जाते. म्हणून आपल्या घरात अशी भाषा सुरू झाली की तीन गोष्टी विचारा. काम कोण करणार? पैसा कोणाच्या खात्यात जाणार? नाव कोणाचे लागणार? आणि सहीसाठी पुढे आलेला कागद, भाऊबीज असो की राखी, घरी नेऊन वाचा. जिला वाचता येत नाही तिने वाचता येणारी दुसरी बाई बरोबर न्यावी.

भाच्याचे उत्तर अजून आलेले नाही. भाऊ माझ्याशी बोलत नाही. वहिनीचा मात्र परवा फोन आला. तिने इकडचे तिकडचे विचारले आणि ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, थ्या भागीदारीच्या कागदाले माहा फोटो लागते काय?" लागतो, म्हटले. दोन प्रती काढून ठेवा.